गणपती तुमचा, मत त्यांना

माझ्या काकाला नगरसेवक व्हायचं होतं. पेणच्या नगरपालिकेत जाऊन तो नेमकं काय करणार होता, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलंही नाही. आमच्या आळीतलं गटार साफ करून घ्यायचं, एवढं तो म्हणायचा, पण ते तर प्रत्येक उमेदवार म्हणतो. खरं कारण मला माहीत आहे. ते भिंतीत होतं.

आमचा गणपतींचा कारखाना. भाद्रपद संपला की रंगाऱ्यांचे हात रिकामे, आणि निवडणूक आली की उमेदवारांना भिंती रंगवून हव्या. फ्लेक्स यायच्या आधी पेणमधल्या निम्म्या भिंती काकानंच रंगवल्या असतील. ‘यांनाच प्रचंड मतांनी विजयी करा’ हे वाक्य त्यानं इतक्यांदा लिहिलं, की झोपेतही लिहिता आलं असतं. एकाच भिंतीवर डावीकडे एकाचं नाव, उजवीकडे त्याच्या वैऱ्याचं, दोन्ही नावं काकाच्याच हातची आणि दोघांनाही प्रचंड मतं. कुणाचं नाव लांबलचक असलं की भिंत पुरायची नाही, मग काका त्या उमेदवाराच्या आईवडिलांचा उद्धार करायचा. आजोबा म्हणायचे, “एवढं शाळेच्या पाटीवर लिहिलं असतंस तर मॅट्रिक झाला असतास.” पण जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवणाऱ्या माणसाला एकदा तरी स्वतःचं रंगवावंसं वाटणारच. मला त्यात काही चूक दिसत नाही.

तर काका उभा राहिला. अपक्ष. चिन्ह निवडायची वेळ आली तेव्हा त्यानं तिथल्या साहेबांना विचारलं, “पाट आहे का?” पाट नव्हता. पाटाच्या जवळचं म्हणून त्यानं स्टूल घेतलं. मग पंधरा दिवस लोक विचारत होते, फर्निचरचं दुकान कधी काढलंत.

पाट कशाला हवा होता, ते सांगायला हवं. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. घराघरांतून आपापला लाकडी पाट आषाढात कारखान्यात येतो. त्या पाटावर त्या घरचा देव बसवायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावरून न्यायचा. विसर्जनाहून येताना नदीची मूठभर वाळू पाटावर घालून आणतात आणि पाट पुढच्या आषाढापर्यंत घरात उभा राहतो. एखाद्या घरचा पाट तुमच्याकडे येतो म्हणजे ते घर तुमचं. सोयरीक मोडेल एक वेळ, पण पाट हलत नाही. आमच्या माळ्यावर आषाढात पाय ठेवायला जागा नसायची, आणि काका तिथे उभा राहून त्या पाटांकडे बघायचा तेव्हा त्याला पाट दिसत नसत, मतं दिसत.

“हे बघ,” तो मला म्हणाला, “एका पाटामागे एक घर. एका घरात चार मतं तरी धर.”

मी म्हटलं, “काका, आपला निम्मा माळा जिते आणि कासू या बाहेरच्या गावांचा आहे. ती माणसं इथं मत द्यायला कशी येणार?”

“ते सोडून देऊ,” काका म्हणाला, “तरी उरतात.”

उरत होतेच. समोर उभे होते ते मागच्या आळीतले मूर्तिकार. त्यांचा कारखाना आमच्यापेक्षा लहान. त्यांच्या गणपतीची सोंड जाड असते असं आमच्या घरात मानतात, आणि आमच्या गणपतीचं पोट फाजील सुटलेलं असतं असं त्यांच्या घरात. पाट त्यांच्याकडे आमच्या निम्मेही नव्हते. त्या हिशेबानं काका निवडून आल्यातच जमा होता आणि काकीनं गुलालाची पिशवी आणून देवघराखाली ठेवली होती.

मी रोह्याला दिलेली, तरी पाय सारखे पेणला. तिथला प्रचार वेगळा, कंपनीच्या शिफ्ट बघून करावा लागतो. एकदा एका उमेदवारानं रात्रपाळी करून झोपलेल्या माझ्या नवऱ्याला उठवून पत्रक दिलं. माझा नवरा मत द्यायला मुद्दाम लवकर गेला, त्याच्या विरुद्ध देता यावं म्हणून. रोह्यात माणूस रागावतो तेव्हा कळतं तरी. पेणमध्ये कळत नाही. निकालाच्या दिवशी मी गुलाल खेळायला म्हणून जुनी साडी नेसून पेणला आले आणि साडी तशीच स्वच्छ राहिली. काका पडला. थोडाथोडका नाही, चांगला दणकून पडला.

काकानं दोन दिवस मतांचे आकडे पुन्हा पुन्हा मांडून बघितले. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंकडे गेला. मीही बरोबर होते. मास्तरीणबाई म्हणजे आमच्या आळीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. काकाला चौथीत त्यांनीच शिकवलं होतं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. त्यांच्या घरचा पाट आमच्या माळ्यावरचा सगळ्यांत जुना, त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासून येणारा. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“बाई, तुम्ही मत कुणाला दिलंत?”

“त्यांना,” बाई म्हणाल्या.

काकाचं तोंड उघडंच राहिलं. “बाई! पाट माझ्याकडे आणि मत त्यांना?”

“मग? अरे, गणपती तुझ्याकडचा नेते ना मी वर्षानुवर्षं? मग मत तरी त्या बिचाऱ्याला द्यायला नको? सगळंच एका दारात टाकलं तर त्यानं काय करायचं? बरं दिसतं का ते?”

आम्ही चार घरं आणखी फिरलो. सगळीकडे हेच. कुणी रागानं दिलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. गणपती तुमचा, म्हणून मत त्यांना. सगळ्यांनी आपापल्या घरात बसून, कुणाशी न बोलता, हाच न्याय केला होता. आणि मागच्या आळीवाल्यांचे जे थोडे पाट होते, त्या घरांनी त्याच न्यायानं काकाला मतं दिली होती. ज्याचा कारखाना मोठा तो पडणारच, असं ते गणित होतं. काका पाट मोजत होता तेव्हा खरं तर स्वतःची पडझड मोजत होता.

आमच्या समोर चाचांचं कापडाचं दुकान आहे. दोन मुलगे आखातात आणि चाचा दिवसभर दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना सल्ले देणार. ते काकाला म्हणाले, “मी तुलाच दिलं. आमच्या घरात पाट नाय, म्हणून मला मोकळ्या मनानं देता आलं. बाकीच्यांची पंचाईत झाली असणार.”

मागच्या आळीवाले नगरसेवक झाले. त्यांच्या दारावर पाटी लागली, आणि ती पाटी दिसू नये म्हणून काका बाजारात जाताना लांबच्या रस्त्यानं जायला लागला. पाच वर्षं गेली, पण निवडणूक काही होईना. कोर्टात कसला तरी वाद होता, पालिकेत प्रशासक बसले होते, आणि काका रोज पेपर उघडून निवडणूक शोधायचा. लोकांना लोकशाहीची एवढी काळजी नव्हती जेवढी त्याला होती. शेवटी एका उन्हाळ्यात बातमी आली, यंदा नक्की. आणि काकाच्या डोक्यात ती कल्पना आली.

पाट माझ्याकडे म्हणून मत त्यांना. मग पाट त्यांच्याकडे गेला तर?

आषाढ लागला आणि लोक पाट घेऊन यायला लागले. काका कारखान्याच्या दारात उभा. जित्याचे, कासूचे पाट निमूट आत घ्यायचा, कारण त्यांना इथं मत नव्हतं. आपल्या वॉर्डातलं कुणी आलं की म्हणायचा, “यंदा शाडू कमी आलाय. मागच्या आळीत बघा ना.” कुणाला म्हणायचा, “माझा खांदा धरलाय.” एकाला तर म्हणाला, “त्यांची सोंड हल्ली फार सुंदर येते.” हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता याला डॉक्टरकडे न्यायला हवं.

मागच्या आळीवाले काही दुधखुळे नव्हते. आपण का निवडून आलो, हे त्यांनाही ठाऊक होतं. आपल्या दारात एवढे पाट का यायला लागले, हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं आणि स्वतःचे जुने पाटही आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. “त्यांच्याकडचे रंग चांगले,” म्हणे. मग काय सांगावं! माणसं डोक्यावर पाट घेऊन या आळीतून त्या आळीत आणि त्या आळीतून या आळीत. भर पावसात, इरलं नाही, छत्री नाही, हातात पाट. पेणमध्ये शेकड्यानं कारखाने, आणि आमच्या वॉर्डातल्या देवाला बसायला जागा मिळेना.

मास्तरीणबाई स्वतः आल्या. गुडघे दुखत असताना आल्या. काका त्यांनाही शाडूचं सांगू लागला. बाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, “जो माझा देव दारातून परत पाठवतो, तो माझं तुंबलेलं गटार काय बघणार?” आणि पाट घेऊन गेल्या. आमच्या वॉर्डाबाहेर, रामवाडीतल्या एका कारखान्यात त्यांनी तो दिला. त्यांच्यामागोमाग बाकीचेही रामवाडीला गेले.

काकी हे सगळं बघत होती. आमच्या कारखान्यात माती काकाची, पण डोळे काकीचे. देवाचे डोळे लिहिणं म्हणजे आखणी, आणि ती काकी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. कुठल्या घरी डोळे शांत हवेत, कुठल्या घरी जरा हसरे, मास्तरीणबाईंकडे बुबुळं थोडी खाली झुकलेली, हे तिला तोंडपाठ. त्या चतुर्थीला ती आळीत दर्शनाला गेली आणि घराघरांत दुसऱ्या कुणाच्या हातचे डोळे बघून आली. घरी येऊन स्वयंपाकघरात बसली आणि रडली. “टक्क बघतात गो सगळे,” मला म्हणाली, “झोप न झाल्यासारखे. आणि हे सगळं ह्यांच्या एका पाटीसाठी.” मला काकाचा असा राग आला होता की मी त्या दिवशी त्याच्या हातचा मोदकही खाल्ला नाही. मोदक तो फार सुंदर वळतो.

गणपती गेले. मग आरक्षणाची सोडत निघाली. आमची जागा महिलांसाठी राखीव.

काकाचे फ्लेक्स छापून आले होते. हात जोडलेला, दाढी केलेला, नवा सदरा घातलेला काका गुंडाळीच्या गुंडाळीत माळ्यावर पडला होता, एरवी पाट असायचे त्याच जागी. तो दिवसभर कारखान्यात रिकाम्या साच्यांत बसून होता. त्याच्यावर हसायचं मी ठरवलं होतं, पण मला नाही हसता आलं. संध्याकाळी तो काकीपुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, “तू उभी राहा.”

“राहते,” काकी म्हणाली.

काका इतका हरखला की पुढचं त्यानं ऐकलंच नाही. काकी म्हणाली होती, “पण प्रचारात मी काय बोलायचं ते माझं मी ठरवणार.” “बोल की, बोल की,” काका म्हणाला. मी तिथे होते. काकीचा चेहरा बघून मला काही तरी शिजतंय असं वाटलं होतं.

तिकडून मागच्या आळीवाल्यांची बायको उभी राहिली. तीही आमच्या काकीसारखीच, नवऱ्यानं उभी केलेली. काकाचं म्हणणं असं, की आता सामना बरोबरीचा आहे. पाट सगळे रामवाडीला. आपल्याकडे नाहीत, त्यांच्याकडेही नाहीत. म्हणजे कुणाचं मत कुणाला बांधलेलं नाही, आणि काकीला तर सगळी आळी मानते. जरा हात जोडत फिरलं की झालं. हे मात्र त्याचं खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा निवडणुकीचा अंदाज बरोबर होता.

पहिल्याच घरी काकीनं हात जोडले आणि म्हणाली, “मत तुम्हाला वाटेल त्याला द्या. पाट तेवढा आमच्याकडे द्या. पुढल्या आषाढाची वाट नाय बघायची, आत्ताच द्या. चुकलं आमचं.”

काकाच्या हातातली पत्रकं खाली पडली. घरातली बाई आधी गोंधळली, मग तिचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. “व्हय? घेताव? थांबा हां!” म्हणून आत गेली आणि पाट घेऊन आली. रामवाडीहून आणलेल्या गणपतीच्या विसर्जनाची वाळू अजून त्यावर होती. काकीनं तो पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. काका तिला बाजूला घेऊन म्हणाला, “अगो, काय करतेस? पाट आला की मत गेलं!”

“जाऊ दे,” काकी म्हणाली, “मला डोळे लिहायचेत.”

मग तो प्रचार जो रंगला तसा पेणमध्ये कधी झाला नसेल. पुढे काकी, मागे मी आणि आळीतल्या बायका डोक्यावर पाट घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी काका, प्रत्येक पाटाबरोबर एकेक घर हातचं जाताना बघत. लोक पाट देताना इतके खूष होत की सरबत द्यायचे. त्यांच्या मनावरचं ओझंच उतरत होतं, देवाचंही आणि मताचंही. मागच्या आळीवाल्यांच्या दारावरून आम्ही गेलो तेव्हा ते ओट्यावर येऊन उभे राहिले आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, “वहिनी, पलीकडची गल्ली राहिली हं तुमची. तिकडेही जाऊन या.”

कुणी तरी तक्रार केली. आचारसंहितेचं पथक जीप घेऊन आलं, कॅमेरा घेऊन आलं. त्यांच्या साहेबांनी आमच्यापुढे जीप आडवी घातली. “मतदारांना काय वाटताय?”

“वाटत नाय साहेब,” मी म्हटलं, “गोळा करतोय.”

साहेबांनी पाट हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. उमेदवारानं मतदाराला काही देऊ नये असा नियम त्यांच्याकडे होता. मतदारानं उमेदवाराला देऊ नये असा नव्हता. त्यांनी कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ “हो, लाकडी, लाकडीच” असं बोलत होते, आणि शेवटी म्हणाले, “जरा बाजूनं चाला, वाहतुकीला अडथळा नको.” चाचा दुकानातून हे बघत होते. ते ओरडून म्हणाले, “साहेब, यांना पकडा, ही बाई स्वतःचीच मतं चोरतेय!”

निकाल सांगायला नकोच. काकी पडली. काका पडला होता त्याहूनही जास्त दणकून पडली आणि मागच्या आळीतल्या बाई निवडून आल्या. पण मला सांगायचंय ते निकालाचं नाही. प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळचं आहे.

फक्त मास्तरीणबाईंचं घर राहिलं होतं. काका मुद्दाम ते मागे ठेवत होता, कारण बाईंचा शब्द आळीत चालायचा. त्या एकट्यांनी ठरवलं तर दहा घरं फिरतील, असं तो मला हळूच म्हणाला होता. काकीचा घसा पार बसला होता, आवाजच फुटत नव्हता. बोलायचं काकाला होतं. आम्ही पायरीशी उभ्या राहिलो आणि काका एकटा आत गेला. दार उघडंच होतं, सगळं दिसत होतं.

बाई आरामखुर्चीत होत्या. पाट त्यांच्या मागे भिंतीला टेकलेला. त्यांनी काकाला नीट बघून घेतलं. “तुझ्या बायकोला मत द्यायचं मी ठरवलंय,” त्या म्हणाल्या. “इथल्या बायकांनाही सांगणार आहे. ती गुणाची आहे. पण मी माझा नियम मोडायची नाही, तुला माहीत आहे. दोन्ही तुमच्याच दारात नाही टाकणार. बोल. मत हवं का पाट?”

काकी माझ्या दंडाला धरून उभी होती. तिला हाक मारून सांगायचं होतं, पण आवाज नव्हता. काका पाठमोरा उभा, मानेवर घाम. मला खात्री होती तो मत मागणार. एवढ्या वर्षांची हौस होती ती, आणि प्रचारात पहिल्यांदाच कुणी त्याला समोर धरून देऊ करत होतं. मी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या देऊनही ठेवल्या.

“पाट द्या, बाई,” काका म्हणाला.

“नीट विचार केलास?”

“नाय केला. विचार केला तर मत मागेन. तुम्ही पाट द्या लवकर.”

बाईंनी हातानं दाखवलं. त्यानं पाट उचलला, आधी कपाळाला लावला आणि मग डोक्यावर घेतला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि तोंड मात्र हसत होतं, लहानपणी पतंग कापला गेला की हसायचा म्हणे तसं. काकीपुढे उभा राहिला.

“गेली गो,” तो म्हणाला, “आळीतली शेवटची दहा घरं गेली.”

काकीला बोलता येत नव्हतं. तिनं त्याच्या डोक्यावरचा पाट खाली घेतला, कडेला धरला आणि दुसऱ्या हातानं त्याचा हात धरला. भर रस्त्यात, आळीतल्या सगळ्या बायकांसमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्या दोघांना असं हात धरून चालताना कधी बघितलं नव्हतं. घरापर्यंत तिनं तो सोडला नाही.